तेल जिरवून कोंडा जात नाही

डोक्यात कोंडा झाला की खोबरेल तेल कोमट करून चांगलं चोळावं, रात्रभर जिरवावं, जमलं तर आणखी दोन दिवस तसंच राहू द्यावं आणि डोकं वरचेवर धुऊ नये, हा सल्ला महाराष्ट्रातल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. आता त्यात मोबाइलवरच्या चित्रफितींची भर पडली आहे. लिंबू पिळा, खायचा सोडा चोळा, कांद्याचा रस लावा, तेलात कापूर घाला. प्रत्येक चित्रफितीच्या शेवटी हमी एकच असते: उपाय नैसर्गिक आहे म्हणून अपाय नाही, आणि कोंडा मुळापासून जाईल. तेल जिरवणं, ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ ही समजूत आणि ‘मुळापासून’ हे आश्वासन, या तिन्हींना माझा विरोध आहे. पण घरच्या घरी कोंड्याची काळजी घेता येते, ती फार खर्चिक नाही आणि तिच्यातला काही भाग आपल्या आजीच्या न्हाणीघरातूनच आलेला आहे, हेही मला तितक्याच जोराने सांगायचं आहे.

आधी तेलाच्या बाजूचं म्हणणं पूर्ण ऐकून घेऊ, कारण ते बिनबुडाचं नाही. डोक्यातून पांढरा भुसा पडतो, त्वचा ओढल्यासारखी वाटते, खाज सुटते. हातापायांची कातडी कोरडी पडली की अशीच पांढरी होते आणि तिथे तेल लावलं की बरं वाटतं. मग डोक्यालाही तेलच हवं. थंडीत कोंडा वाढतो, म्हणजे कोरडेपणा हेच कारण असणार. आणि सगळ्यात मोठा पुरावा डोळ्यांसमोर असतो: तेल लावलं की कोंडा दिसेनासा होतो.

तो का दिसेनासा होतो, हे एकदा जवळून बघावं. तेल लावून रात्र काढलेल्या डोक्यात सकाळी खिडकीच्या उजेडात भांग पाडा. भांगाच्या दोन्ही कडांना पिवळसर, मेणचट पापुद्रे त्वचेला चिकटून बसलेले दिसतात. बारीक दातांची फणी फिरवली तर दातांच्या मुळाशी राखाडी, चिकट मळ साचतो. तेलाने खपल्या ओल्या झाल्या, अर्धपारदर्शक झाल्या, जागच्या जागी चिकटल्या. खांद्यावर पडायच्या थांबल्या एवढंच. खाली त्वचेत जे चाललं होतं ते चालूच आहे, आणि तेल उतरू लागलं की भुसा पुन्हा पडायला लागतो. मग ‘तेल कमी पडलं’ असं म्हणून आणखी तेल घातलं जातं. कितीतरी मुली या फेऱ्यात वर्षानुवर्षं अडकलेल्या असतात.

कोंडा हा मुळात कोरड्या त्वचेचा आजार नाही. तो होतो तेलकट जागी. लहानपणी कोंडा क्वचितच दिसतो. तैलग्रंथी वयात येताना जोमाने काम करू लागतात आणि कोंड्याची तक्रारही त्याच सुमारास सुरू होते. हाच विकार जास्त जोर धरतो तेव्हा तो भुवयांमध्ये, नाकपुड्यांच्या कडांना, कानांच्या मागे आणि छातीच्या मध्यभागी दिसतो. या सगळ्या तेल पाझरणाऱ्या जागा आहेत. कोरडी पडणारी पोटरी किंवा कोपराखालचा हात कोंड्याच्या या यादीत नाही.

१८७४ साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच संशोधकाला कोंड्याच्या खपल्यांत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीच्या पेशी दिसल्या. पुढे त्या बुरशीला त्याच्याच नावावरून मालासेझिया म्हणू लागले. ती निरोगी डोक्यावरही असते, त्यामुळे कोंडा तिच्यामुळे होतो की ती तिथे नुसती हजर असते, हा वाद शंभर वर्षं पुरला. १९८० च्या दशकात केटोकोनाझोलसारखी बुरशीनाशकं डोक्यावर वापरली जाऊ लागली. बुरशी घटली तसा कोंडा घटला, बुरशी पुन्हा वाढली तसा तोही परतला, आणि वादाचं पारडं झुकलं. २००७ मध्ये मालासेझिया ग्लोबोझा या प्रजातीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा कळलं की स्निग्धाम्लं स्वतः बनवण्यासाठी लागणारं जनुकच तिच्याकडे नाही. जगायला तिला बाहेरून तेल मिळावंच लागतं. प्रयोगशाळेत या कुळातली बुरशी वाढवायची असली तर खाद्यात स्निग्ध पदार्थ घालावा लागतो. बशीतल्या माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर देणं ही त्याची जुनी रीत. जी गोष्ट बुरशी वाढवण्यासाठी मुद्दाम करावी लागते, ती आपण कोंड्यावर औषध म्हणून करत आलो आहोत.

पुढचा भाग समजून घेण्यासारखा आहे. डोक्याच्या त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर ही बुरशी आपली विकरं सोडते, तेलाचे तुकडे करते, त्यातली संपृक्त स्निग्धाम्लं खाते आणि ओलिक आम्लासारखी असंपृक्त आम्लं मागे टाकते. ज्यांची त्वचा या बाबतीत नाजूक असते त्यांच्यात हे ओलिक आम्ल आत शिरतं, दाह होतो, खाज सुटते आणि त्वचा घाईघाईने नव्या पेशी बनवू लागते. एरवी त्वचेची पेशी तळातून वर येऊन झडायला साधारण महिना लागतो, आणि ती झडते तीही एकेकटी, नजरेला न दिसता. घाईत वर आलेल्या पेशी अर्धकच्च्या असतात, एकमेकींना चिकटून असतात आणि झुबक्यांनी सुटतात. खांद्यावर पडतात ते हे झुबके. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोंडा होणाऱ्या लोकांच्या डोक्याला नुसतं ओलिक आम्ल लावलं, तरी खपल्या सुटल्या. कोंडा न होणाऱ्यांना त्याच आम्लाने तसं काही झालं नाही. म्हणजे एकाच घरात, एकाच बाटलीतलं तेल लावणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीला कोंडा होतो आणि दुसरीला होत नाही, यात नवल नाही. आणि ‘तुझ्या ताईला तर काही होत नाही’ हा धाकटीला दिला जाणारा टोमणा अन्यायाचा आहे.

ऑलिव्ह आणि बदाम तेलात ओलिक आम्लाचा वाटा सर्वांत मोठा असतो. शेंगदाण्याच्या तेलात तो निम्म्याच्या आसपास, तिळाच्या तेलात त्याहून थोडा कमी. महागडं बदाम तेल कोंड्यासाठी आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. खोबरेलाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात ओलिक आम्ल फार थोडं असतं आणि जवळपास निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो, ज्याला जंतू मारण्याचा काही गुण आहे. भोपाळच्या आयसर या संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेला, भारतीय स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. खोबरेल वापरल्यावर डोक्यावरच्या सूक्ष्मजीवांच्या घडणीत हितकर बदल झाल्याचं त्यात दिसलं. हा अभ्यास तेलाच्या बाजूचा आहे आणि तो मला लपवायचा नाही. पण सूक्ष्मजीवांची घडण सुधारणं आणि त्या बाईची खाज व खपल्या थांबणं यांत अंतर आहे, आणि आठवडाभर तेल धुऊ नये असं तर त्यातून मुळीच निघत नाही.

खोबरेलाचा खरा गुण वेगळ्या जागी आहे. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना, विंचरताना केसातलं प्रथिन झिजणं कमी करतं. हा गुण केसाला उपयोगी आहे, डोक्याच्या त्वचेला नाही. केस आणि टाळू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेलाच्या समर्थनात नेहमी विसरलं जातं. कोंडा असलेल्या मुलीने कानाखालच्या लांबीला, टोकांना खोबरेल लावावं. मुळाशी चोळू नये. खपल्या फारच जाड बसल्या असतील तर धुण्याच्या तासभर आधी त्यांना तेल लावून मऊ करावं, फणीने हलकेच सुटं करावं आणि मग पूर्ण धुऊन काढावं, एवढा तेलाचा उपयोग डॉक्टरही सांगतात. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची खपली अशीच काढतात, आणि ती बहुधा आपोआपही जाते.

थंडीचं म्हणाल तर थंडीत त्वचेचा बाहेरचा थर कमकुवत होतो, आणि त्याच दिवसांत आपण डोकं धुणं टाळतो. दोन्ही मिळून कोंडा वाढतो. निव्वळ कोरडी टाळूही काहींची असते; तिची खपली बारीक, सुकी असते, खाली लाली नसते, आणि कित्येकदा तीव्र शाम्पू बदलला की ती थांबते.

आता लिंबू, सोडा आणि कापूर. ओळखीतल्या एका अकरावीतल्या मुलीने लिंबाची फोड सोड्यात बुडवून डोक्यावर घासली होती. दुसऱ्या दिवशी भांगात कातडी लालबुंद, दोन ठिकाणी सोललेली, कंगवा टेकला तरी डोळ्यांत पाणी. ती आईला म्हणाली, खूप आग होतेय. आई म्हणाली, “अगं, नैसर्गिकच आहे ना ते? आग होतेय म्हणजे लागू पडतंय.” त्या आईला मी दोष देत नाही, तिला असंच सांगितलं गेलं होतं. पण ‘आग होते म्हणजे लागू पडतं’ या एका समजुतीने आपल्या मुलींच्या त्वचेचं फार नुकसान केलं आहे. आग होते म्हणजे त्वचा भाजते आहे. लिंबाचा रस डोक्याच्या त्वचेपेक्षा हजारपटीहून जास्त आम्लधर्मी असतो. तो लागलेल्या जागी कडक ऊन पडलं तर फोड आणि काळे डागही उठू शकतात. सोडा त्याच्या उलट, अल्कधर्मी. त्वचेला जो सौम्य आम्लपणा लागतो तोच तो उडवतो. आधीच दाह असलेल्या जागी दोन्ही मिळून लावणं ही इजा आहे. लिंबाने खपल्या सुटतात हे खरं, आम्लाने सुटायच्याच. म्हणूनच औषधी शाम्पूंत सॅलिसिलिक आम्ल दोन-तीन टक्क्यांच्या मोजक्या प्रमाणात घालतात आणि काही मिनिटांत धुऊन टाकायला सांगतात. फोडीला माप नसतं. कांद्या-लसणाच्या रसाने भाजल्याची उदाहरणंही त्वचेच्या डॉक्टरांना नवी नाहीत.

कापूर घातलेलं खोबरेल हा तर आपल्याकडचा लाडका उपाय. कापराने गार वाटतं, त्या जागेची संवेदना थोडी बधिर होते आणि खाज दबते. रात्री नीट झोप लागली की उपाय लागू पडला असं वाटणारच. कापूर खाज विसरायला लावतो. बुरशीचं अन्न तेलाच्या रूपाने तसंच शिल्लक राहतं. आणि एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे: कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात. कापराच्या वड्या आणि कापूर घातलेल्या तेलाची बाटली रांगत्या मुलाच्या हाताशी येईल अशी कुठेही ठेवू नये.

इथे कुणीतरी आयुर्वेदाचं नाव घेतं. घ्यावंच, पण मग पूर्ण घ्यावं. सुश्रुतसंहितेत कोंड्याशी जुळणाऱ्या विकाराचं वर्णन ‘दारुणक’ या नावाने क्षुद्ररोगांत आलं आहे. वैद्यक परंपरेत त्यावर जी तेलं सांगितली जातात त्यांत गुंजेचं तेल आहे, धोत्र्याच्या पानांचा रस घालून सिद्ध केलेलं तेल आहे. गुंज आणि धोत्रा या दोन्ही विषारी वनस्पती. ती तेलं सिद्ध करायला जाणकार वैद्य लागतो आणि वापरायला माप लागतं. डब्यातलं स्वयंपाकाचं खोबरेल हा त्यांचा पर्याय नव्हे. शिवाय आपल्या परंपरेत अभ्यंगामागोमाग स्नान येतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावलं की उटणं आणि शिकेकाईने ते काढूनही टाकतात. तेलकट डोक्याने कुणी फराळाला बसत नाही. तेल लावून आठवडाभर तसंच हिंडणं ही रीत मग कुठून आली? मला वाटतं, ती पाण्याच्या टंचाईतून आणि वेळेच्या टंचाईतून आली, आणि नंतर तिलाच परंपरा म्हटलं गेलं. पाण्याकडे मी पुढे येणारच आहे.

नैसर्गिक गोष्टींना माझा विरोध नाही. माझा आग्रह इतकाच की उपाय झाडाचा आहे की कारखान्यातला, यापेक्षा तो किती प्रमाणात, किती वेळ, किती दिवस लावला आणि काय झालं, हे विचारावं. असं विचारून पास झालेले नैसर्गिक उपाय आहेत. २००२ साली ऑस्ट्रेलियात १२६ जणांवर टी ट्री तेलाच्या ५ टक्के शाम्पूचा प्रयोग झाला. रोज लावायचा, तीन मिनिटं ठेवायचा, धुऊन टाकायचा. चार आठवड्यांत टी ट्रीच्या गटात कोंडा ४१ टक्क्यांनी कमी झाला, औषध नसलेल्या शाम्पूच्या गटात ११ टक्क्यांनी. चांगला उपाय आहे. पण तो शाम्पूत मोजून मिसळलेला होता आणि धुऊन टाकलेला होता, हे विसरून लोक टी ट्रीचं शुद्ध तेल थेट डोक्यावर ओततात आणि मग पुरळ उठतं. कोरफडीच्या अर्कालाही नियंत्रित चाचणीत चांगला गुण आला आहे. मधाचा प्रयोग २००१ मधला: कोमट पाण्यात मिसळलेला मध दिवसाआड लावून तीन तास ठेवून धुतला, तेव्हा खाज आणि खपल्या कमी झाल्या. मात्र ज्यांनी मध बंद केला त्यांच्यातल्या बहुतेकांना काही महिन्यांत त्रास परत सुरू झाला.

आणि ‘मुळापासून’ या शब्दाला उत्तर इथेच मिळतं. मध असो, टी ट्री असो वा केटोकोनाझोल, थांबवलं की कोंडा बहुधा परत येतो, कारण बुरशी आपल्या डोक्यावर कायम वस्तीला असते आणि आपल्या त्वचेचा स्वभावही बदलत नाही. जगातल्या साधारण निम्म्या प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी कोंडा होतो. तो आटोक्यात ठेवायचा असतो. जो कोणी ‘कायमचा घालवतो’ म्हणतो, तो बाटली विकतो आहे, हे पक्कं समजावं.

मग करायचं काय? डोकं धुवायचं. कोंड्याची सगळ्यात मोठी घरगुती काळजी ही, आणि इथे आजीच्या रिठ्या-शिकेकाईला मी मनापासून मान देते. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिनं असतात, त्यांचा फेस होतो, तो तेल सोडवतो. बुरशीचं अन्न उचललं जातं. रिठे फोडून, बिया काढून, शिकेकाईच्या शेंगांबरोबर रात्री भिजत घालावेत, सकाळी उकळावेत आणि पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घ्यावं, कारण चोथ्याचे कण केसांत अडकले तर तेच कोंड्यासारखे दिसतात. रिठा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. सौम्य कोंड्याला आठवड्यातून दोन-तीनदा असं धुणं पुरूही शकतं. नाही पुरलं तर औषधाच्या दुकानातला शाम्पू घ्यावा: केटोकोनाझोल २ टक्के, किंवा सेलेनियम सल्फाइड, किंवा झिंक पायरिथिऑन. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारून.

हा शाम्पू वापरताना बहुतेक जणी चुकतात. तळहातावर थोडासा घेतात, वरच्या केसांवर फेस करतात, अर्ध्या मिनिटात पाणी ओततात आणि महिन्याने म्हणतात, काही फरक नाही. औषध केसांना नको, त्वचेला हवं. आधी साध्या शाम्पूने किंवा शिकेकाईने तेल-धूळ काढावी. मग ओल्या डोक्यात बोटांनी भांग पाडत जावं, प्रत्येक भांगात औषधी शाम्पू बोटांच्या पेरांनी लावावा, नखांनी नाही. कानामागे, मानेच्या केसरेषेला, कपाळाच्या कडेला विसरू नये. मग थांबावं. तीन ते पाच मिनिटं, घड्याळ लावून. तेवढ्यात अंग धुऊन होतं. असं आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. कमी झालं की आठवड्याने किंवा पंधरवड्याने एकदा चालू ठेवायचं. चार आठवड्यांत फरक पडला नाही तर घटक बदलावा. ओले केस घट्ट अंबाड्यात बांधून दिवसभर ठेवू नयेत, पावसाळ्यात तर नाहीच.

‘पण ते केमिकल आहे, युरोपात बंद केलंय’ असं यावर म्हटलं जातं. झिंक पायरिथिऑनवर युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत मार्च २०२२ पासून बंदी घातली, हे खरं आहे. तिथल्या कायद्यात प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून एखादा पदार्थ प्रजननाला घातक या वर्गात गेला की तो प्रसाधनांतून आपोआप बाद होतो. विशिष्ट अटी पूर्ण झाल्या तरच सूट मिळते. त्याच संघाच्या शास्त्रीय समितीने २०२० मध्ये धुऊन टाकायच्या शाम्पूत १ टक्क्यापर्यंत हा घटक सुरक्षित असल्याचं मत दिलं होतं. दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात. ज्याला तरीही शंका आहे त्याने केटोकोनाझोल घ्यावं. डोकं सोलेपर्यंत लिंबू घासणं हा त्या शंकेवरचा उपाय होऊ शकत नाही.

दुसरी भीती केस गळण्याची. ‘रोज रोज डोकं धुतेस म्हणून केस जातात.’ माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस झडतात. आठवड्याने डोकं धुतलं की आठवडाभर सुटून अडकून बसलेले सगळे केस एकदम मोरीच्या जाळीवर येतात आणि जीव घाबरतो. दोनदा धुणारीचे तेवढेच केस दोन वेळा विभागून येतात. ते पाण्याने उपटलेले नसतात. उलट खाजवून खाजवून केस तुटतात, सैल होतात.

घरच्या काळजीची एक सीमा आहे आणि ती ओलांडली की थांबावं. आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात चट्टा पडला, त्यातले केस मुळाशी तुटले, खपल्या जमल्या, तर तो कोंडा समजू नये. तो बहुधा डोक्यातला नायटा असतो. तो कंगव्या-टोपीतून भावंडांना लागतो आणि वरून काहीही चोळलं तरी जात नाही, पोटातून औषध घ्यावं लागतं. जाड, चंदेरी खपल्या केसरेषेच्या बाहेर कपाळावर आल्या, कोपर-गुडघ्यांवरही तसेच चट्टे दिसले तर ते सोरायसिस असू शकतं. पांढरा कण केसाला चिकटून बसला आणि झटकून पडत नसेल तर ती बहुधा लीख असते. आणि दुकानातून विचारून आणलेलं, स्टिरॉइड असलेलं मलम महिनोन्‌महिने चोळू नये. त्याने लाली आठवड्यात जाते, पण पुढे त्वचा पातळ होते आणि नायटा असेल तर तो आत पसरत राहतो.

आता पाणी. ‘आठवड्यातून दोनदा डोकं धुवा’ हे लिहिणं शहरातल्या माणसाला सोपं आहे. मराठवाड्यात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. जिथे हंडाभर पाण्यासाठी तासभर उभं राहावं लागतं, तिथल्या कंबरेएवढे केस असलेल्या बाईला वरचेवर न्हायला सांगणाऱ्याने ते पाणी कुठून येणार याचाही विचार करावा. तेल जिरवून वेणी घट्ट घालणं ही तिची सोय होती, आणि त्या सोयीला मी हसणार नाही. पण तिच्यासाठीही मार्ग आहे. वेणी न सोडता, नुसत्या भांगांत आणि केसरेषेवर औषधी शाम्पू लावून, पाच मिनिटांनी तांब्या-दोन तांब्या पाण्याने वेणी बाजूला धरून डोकं धुता येतं. पूर्ण न्हाणं आठवड्याने होऊ दे. आणि रोज मुळाशी तेल ओतायचं थांबवलं तर धुऊन काढायलाही कमी पाणी लागतं.

मुळाशी तेल नको, म्हणूनच शाळांच्या एका नियमाला माझा विरोध आहे. तेल चोपडून दोन वेण्या घातल्याशिवाय मुलीला वर्गात बसू न देणाऱ्या शाळा आजही आहेत, आणि खांद्यावर भुसा दिसला की ‘अंघोळ करत नाहीस का’ असं सगळ्यांसमोर विचारणारे शिक्षकही. कोंडा संसर्गजन्य नाही, आणि तो झाला म्हणून मुलगी घाणेरडी ठरत नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलगी त्या एका वाक्याने वर्षभर फिकट रंगाचेच कपडे घालते, मागच्या बाकावर बसते, कुणाला जवळ येऊ देत नाही. वेण्या राहू देत, त्या सोयीच्या आहेत. तेलाची सक्ती मात्र काढून टाकावी. वसतिगृहांनी प्रत्येक मुलीला आठवड्यातून दोनदा न्हाण्यापुरतं गरम पाणी द्यावं आणि न्हाणीघराबाहेर कोंड्याच्या शाम्पूची एक मोठी बाटली ठेवावी, शेजारी भिंतीवर घड्याळ. कुणाची पाच मिनिटं झाली आणि कुणाची नाही, हे मुली आपापसात बघून घेतील.